तुम्ही विचारलंत म्हणून: हाताची सोनोग्राफी कशाला?

"डॉक्टरबाई, हात मोडलाय न्हवं? मग सोनोग्राफी कशाला? नस सापडेना काय?"

मी भूल देते. काखेत सोनोग्राफी करून फक्त हात बधिर करू, असं सांगितलं की निपाणीकडचे असोत की खानापूरचे, घरचं कुणीतरी हे विचारतंच.

नस सापडते हो. अडचण अशी, की आपण सगळ्यालाच नस म्हणतो. सलाईनला 'नस मिळेना', मानेत 'नस दबली', विळा लागला की 'नस तुटली'. पहिली शीर, दुसरा मज्जातंतू, तिसरी कधी धमनी, तर कधी बोट हलवणारी दोरी. कन्नड बोलणाऱ्या पेशंटच्या 'नरा'तही हे सगळं मावतं. बोलताना चालतं, पण भुलेच्या सुईला चालत नाही, कारण औषध मज्जातंतूभोवतीच सोडायचं असतं आणि काखेत ही सगळी मंडळी दोन-तीन सेंटिमीटरच्या जागेत दाटीवाटीनं असतात.

स्क्रीनवर मधोमध उडणारा काळा गोल म्हणजे धमनी. प्रोब, म्हणजे कातडीवर टेकवायचा सोनोग्राफीचा दांडा, हलकेच दाबला की शेजारची शीर चपटी होऊन दिसेनाशी होते, धमनी मात्र उडत राहते. रंगावर जाऊ नका. लाल-निळ्यावरून रक्त प्रोबकडे येतंय की लांब जातंय एवढंच कळतं. धमनीभोवती मधाच्या पोळ्यासारखे ठिपके दिसतात ते मज्जातंतू: मीडियन, अल्नर आणि बहुधा खालच्या अंगाला रेडियल. चौथा, मस्क्युलोक्युटेनियस, सहसा बाजूच्या स्नायूत शिरलेला असतो. तो सुटला तर अंगठ्याच्या बाजूची कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी जागीच राहते.

आणि प्रत्येक हात पुस्तकासारखा नसतो. एरवी कोपराजवळ फुटणारी धमनी काहींच्यात दंडातच फुटते. कधी तिची एक फांदी कोपरात अगदी कातडीखालून जाते. शीर समजून तिथे इंजेक्शन दिलं तर बोटं जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. सलाईन लावण्याआधी तिथे बोट ठेवून ठोका बघा, हे मी नर्सिंगच्या मुलींना पुन्हा पुन्हा सांगते.

मी शिकले तेव्हा असं बघायची सोय आमच्याकडे नव्हती. सुई घालायची आणि विचारायचं, "झिणझिण्या आल्या का?" आल्या म्हणजे सुई मज्जातंतूला टेकली. गुऱ्हाळाच्या चरकात बोटं सापडलेल्या एका पोराला मी तीनदा विचारलं, तीनदा तो ताडकन उडाला. ते मला अजून टोचतं.

व्हिएन्नातल्या भूलतज्ज्ञांनी सोनोग्राफीत बघून खांद्याजवळच्या मज्जातंतूंना भूल दिल्याचं 1994 साली छापून आलं. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा झाला तोही त्याच वर्षी. म्हणून हात बघायच्या मशीनचीही नोंदणी लागते आणि भिंतीवर तो बोर्ड असतो. कायदा हवाच होता. पण सोनोग्राफी म्हटलं की लोक बिचकतात, म्हणून मी आधी समजावून सांगते.

गेल्या गळीत हंगामात चरकात सापडलेला तसाच एक हात आला. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. औषध मज्जातंतूभोवती काळ्या कड्यासारखं पसरत होतं. सुई आत असताना तो शांतपणे विचारत होता,

"ही उडतीया ती माझी नस काय?"

"ती धमनी. नस तिच्या वरच्या अंगाला बघ, ठिपक्याठिपक्यांची."