फोनोची पेटी

आमच्या घरात त्याला ग्रामोफोन कुणी म्हणत नाही. फोनो. बाबा आज चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि अजून 'फोनो लाव' असंच म्हणतात. वस्तू म्हणाल तर एचएमव्हीचं १०२ नंबरचं मॉडेल. बंद केलं की सुटकेस, उघडलं की यंत्र. सोळा इंच लांब, अकरा-सव्वाअकरा इंच रुंद, वर काळं रेक्झिन, पत्र्याचे कोपरे, झाकणात तबकड्या ठेवायचा कप्पा. हे मॉडेल १९३१ साली इंग्लंडात निघालं. आमच्याकडे ते आजोबांनी आणलं.

२०१९ च्या ऑगस्टपर्यंत ते धडधाकट होतं. आमचं घर सांगलीच्या गावभागात. भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती, आणि आम्ही शहाण्यासारखं सगळं सामान त्या रेघेच्या हातभर वर ठेवलं होतं. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. हातभराने काय होतंय!

पाणी उतरल्यावर घर धुताना फोनो सापडला तो चिखलाच्या गोळ्यासारखा. चावीची मोटार आणि साउंडबॉक्स, म्हणजे पिन बसते ती आवाजाची डबी, काढून आधी मिरजेला एका जुन्या मिस्त्रींकडे दिले, त्यांनी ते सोडवून, ग्रीस बदलून, चालू करून दिले. ती हकीकत वेगळी, आणि त्यात माझं कर्तृत्व शून्य. पेटी मात्र पोत्यात घालून माळ्यावर गेली. तिला हात लागला तो मी निवृत्त झाल्यावर.

मी बत्तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात होते. पुस्तकं बांधणं हे माझ्या कामात नव्हतं, पण बायंडरचं बिल मंजूर व्हायला वर्ष लागायचं, म्हणून शिकले. मैद्याची खळ करायची, त्यात चिमूटभर मोरचूद घालायचा म्हणजे कसर लागत नाही, एवढ्या भांडवलावर मी या कामात उतरले.

शेजारच्या सुतारमामांना आधी दाखवलं. त्यांनी पेटीची एक बाजू बोटाने हलवली, ती हातातच आली.

"बाई, ह्यात काय उरलंय? सागवानाची नवी करून देतो की. आठ दिवसांत."

"मामा, मला हीच उभी करायचीय."

"मग मदत मागू नका माझ्याकडं," म्हणाले आणि क्लॅम्प मात्र देऊन गेले.

बाजू हातात आली, त्यातच खरी मेख होती. ही जुनी पेटी सरसाने जोडलेली. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक, पाण्यात मऊ पडतो. त्यामुळे पुरात सांधे तुटले नव्हते, सुटले होते. लाकूड फाटलं नव्हतं. आजचा पांढरा गोंद असता तर लाकडाचा लचका घेऊन सांधा उघडला असता. पुराने माझं अर्धं काम करून ठेवलं होतं म्हणायचं.

सगळ्या बाजू सुट्या केल्या, चिखल खरवडला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली वजनाखाली ठेवल्या. उन्हात नाही. एक फळी मी पहिल्या दिवशी उन्हात टाकली होती, दुपारपर्यंत तिचा पापड झाला. ती परत ओली करून सरळ करण्यात दोन आठवडे गेले.

कुजकं रेक्झिन सोलताना डाव्या बाजूच्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेला आकडा दिसला: २७. सात आडव्या रेघेशिवायचा, घाईतला. विक्रेत्याने चिकटवलेल्या चिठ्ठीवरची शाई पुरात धुऊन गेली होती, पण हा आकडा जसाच्या तसा. पेन्सिल पाण्याला भीत नाही. तिकडच्या कुणा कारागिराने फळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून लिहिला असणार. मीही माझ्या फळ्यांवर आकडे टाकले, पण त्या बाजूला टाकला नाही.

आता सरस. रात्रभर भिजवायचा, पातेल्यात पाणी तापवून त्यात वाटी ठेवून विरघळवायचा, उकळू द्यायचा नाही, उकळला की जोर जातो. बोट टेकवलं तर चटका बसावा इतपतच. सासूबाईंनी वास घेतला, कशाचा आहे ते विचारलं, मी खरं सांगितलं, आणि तेव्हापासून माझी शेगडी गच्चीवर. वाटी तर त्यांनी मोडीतच दिली.

पेटी उभी राहिली. मग चुका सुरू झाल्या.

झाकणावरचं रेक्झिन कडेला उचललं होतं, पण मध्ये घट्ट होतं. त्यावर बुरशीचे डाग. हार्डवेअरच्या दुकानातून एन.सी. थिनर आणलं, बोळा फिरवला, बोळा काळाकुट्ट. वाटलं, वा, काय मळ निघतोय! तो मळ नव्हता. त्या काळचं रेक्झिन म्हणजे सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर, आणि एन.सी. थिनरमधलं एन.सी. म्हणजे तेच. मी झाकणाची कातडीच विरघळवत होते. रुपयाएवढ्या जागी आतलं कापड दिसायला लागलं तेव्हा हात थांबला. ती जागा आता काळ्या बूटपॉलिशने झाकली आहे, पण उजेडात ओळखू येते.

दुसरी चूक जाडीची. खालच्या पेटीसाठी आजचं रेक्झिन आणलं, सोफ्यावर लावतात तसलं. छान बसलं, दिसायलाही बरं. झाकण लावायला गेले तर कडी लागेना. कापड कडेवरून आत वळवलं की दोन्ही कडांची जाडी एकावर एक येते. झाकण जेमतेम दोन मिलिमीटर वर राहिलं, आणि तेवढं पुरतं. सगळं उपटलं. मग माझ्या सवयीचं बायंडिंगचं काळं कापड आणलं. खळीत निम्मा फेव्हिकॉल, तो कापडाला लावायचा, दोन मिनिटं थांबायचं म्हणजे कापड ताणायचं तेवढं ताणून घेतं, मग मधून कडेकडे हाडाची पट्टी फिरवायची. कोपऱ्याला फळीच्या जाडीच्या दीडपट जागा सोडून तिरकं कापायचं. जास्त सोडलं तर गोळा होतो, कमी सोडलं तर लाकूड उघडं पडतं. पुस्तकाला चार कोपरे, इथे उघड्या पेटीचे आठ. सहा चांगले जमले.

झाकण जुनं, खालची पेटी नवी, दोन्हींचा काळा रंग वेगळा. मुलगा म्हणाला, आई, वरचंही बदल ना, मॅच होईल. नाही बदललं. जे अजून धरून आहे ते का सोलायचं? ग्रंथालयात पान फाटलं तर मी चिकटवत आले, फाडून टाकलं नाही. झाकणाच्या आतल्या एचएमव्हीच्या सोनेरी छापाचंही तेच. कर्ण्यापुढे बसून ऐकणारा कुत्रा राहिलाय, कर्णा पाण्यात गेला. 'ऑनलाइन स्टिकर मिळतो' म्हणे. मिळू दे. कर्ण्याविना ऐकतोय तर ऐकू दे बापड्याला.

पत्र्याचे कोपरे चिंचेच्या कोळाने घासले. मुलामा जिथे उडाला होता तिथे गंज निघाला, चकाकी नाही आली. जुने खिळे परत वापरता आले नाहीत, चपलेचे बारीक खिळे चालले.

तबकड्या लाखेच्या, त्यामुळे बहुतेक वाचल्या, फक्त लेबलं सुटून गेली. आता अकरा कोऱ्या काळ्या तबकड्या आहेत आणि कोणती कुणाची हे वाजवल्याशिवाय कळत नाही. परवा बाबांसमोर फोनो ठेवला. त्यांनी आधी झाकण दोनदा उघडून मिटलं. कडीचा आवाज ऐकला. मग झाकणातल्या कप्प्यातून हाताला लागली ती तबकडी मी काढली, चावी भरली, नवी पिन बसवली.

नुसती खरखर सुरू होती, सूर अजून लागला नव्हता.

"अब्दुल करीम खाँसाहेब," बाबा म्हणाले. "पण उलटी बाजू लावलीस."