एका खाड्यामागे तीन खाडे का पडायचे

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचं टाइम ऑफिस, म्हणजे हजेरी-रजेचं काम, मी सांभाळतो. खाडे कमी झाले, पण हजेरी भत्त्याचा एक कागद सात आठवडे अडकून पडला होता त्याचा राग अजून जात नाही.

पेठ, हरसूलकडची बरीच पोरं आमच्याकडे आहेत. जुलैत भाताची आवणी (रोपांची लावणी) आली की मशिनी ओस. तेव्हा लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ प्रमाणे भरपगारी रजेचा अर्ज १५ दिवस आधी द्यायचा. पण आवणी पावसावर, त्याची तारीख कोण आधी लिहून देणार? पोरं न सांगताच जायची. (आजारपणाला त्या कायद्यातही ही अट नव्हती, तरी आमच्याकडे आजारी माणसाचा अर्जसुद्धा परत जायचा. तुमच्याकडे असं होतं का, ते आधी बघा.)

मागच्या वर्षीचं मस्टर काढून बसलो. एकच खाडा असलेली माणसं फार थोडी. एक पडला की पुढे दोन-तीन ठरलेले. एकाला जवळ बसवून विचारलं. म्हणाला, "साहेब, पहिल्याच दिवशी भत्ता गेला. मग दुसऱ्या दिवशी धावपळ कशाला करू?" महिनाभर पूर्ण हजेरी असेल तरच भत्ता, एक दिवस चुकला की काहीच नाही, हा नियम आमचाच होता.

दर खाड्याला पाव भत्ता कापा, असं लिहून दिलं. मालकांनी त्याच दिवशी सही केली आणि कागद अकाउंट्सला गेला. तिथे कळलं, पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये तसा रकाना नाही. रकाना करणारा माणूस पुण्याला, त्याला नुसता मेल जायला दोन आठवडे. मग वाढीव खर्चाचा हिशेब मागितला. दिला. त्यावर मालकांची वेगळी सही हवी. मालक बाहेरगावी. मी रोज चहाच्या सुट्टीत त्या टेबलापाशी उभा राहायचो आणि रोज "बघतो" ऐकून परत यायचो. तिकडे पाऊस लागला, पोरं गेली, आवणी उरकली, तरी कागद तिथेच. शेवटी जुलैचं ओव्हरटाइमचं बिल नेऊन समोर ठेवलं: गैरहजर माणसांच्या जागी दुसऱ्यांना दिलेले पैसे भत्त्यापेक्षा कितीतरी जास्त होते. संध्याकाळी मंजुरी आली. हे बिल पहिल्याच दिवशी अर्जाला जोडा.

आणखी एक राहिलं. रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर द्या आणि उचलल्यावर ओरडू नका. प्रत्येक मशीनवर दुसरा माणूस शिकवून ठेवा, नाहीतर आधी कळूनही उपयोग नाही.

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या वेळी दिंडोरीच्या एका ऑपरेटरचा रात्री साडेनऊला फोन आला. "साहेब, उद्या बागेत आहे, परवा पहिल्या पाळीला येतो." परवा सातला तो मशीनवर होता.