लॉनचं सेंद्रिय खत, टाकायचं कसं आणि उरलेलं ठेवायचं कुठे

लॉनला सेंद्रिय खत द्यायचं म्हटलं की सगळे विचारतात किती टाकायचं, कधी टाकायचं. उरलेलं कुठे ठेवायचं हे कुणी विचारत नाही, आणि माझं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच झालंय. छान ओलसर गांडूळखत होतं, अर्धी गोणी उरली, वाळून जाऊ नये म्हणून प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरून झाकण घट्ट लावलं. महिन्याभराने उघडलं तर कुजक्या अंड्यासारखा भपकारा, आणि खाली हात घातला तर काळा चिकट लगदा. इतकं वाईट वाटलं! गांडूळखत जिवंत असतं हो, त्यातल्या जिवाणूंना हवा लागते, ती बंद झाली की ते सडायला लागतं. आता मी ते गोणपाटाच्या पोत्यात सावलीत ठेवते, मुठीत दाबलं की गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतपतच ओल, कोरडं वाटलं तर वरून थोडं पाणी शिंपडते.

पेंडीचं नेमकं उलटं. निंबोळी पेंड, हाडांचा चुरा, दाणेदार खतं, ह्यांना दमट हवा लागली की ढेकळं होतात, बुरशी धरते, आणि हाडांच्या चुऱ्याच्या वासाने उंदीर-कुत्री येतात ते वेगळंच. हे मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा विटांवर ठेवायचा, फरशीवर नको, खालून ओल चढते. पिशवीवरचा नत्राच्या (म्हणजे नायट्रोजनच्या) टक्केवारीचा भाग कापून डब्यावर चिकटवा, पुढच्या वेळी हिशेब त्यावरच करायचाय.

हिशेब असा की 100 चौरस मीटरला एका वेळी साधारण अर्धा किलो नत्र पुरतं. म्हणजे खतात 5 टक्के नत्र असेल तर 10 किलो, चौरस मीटरला 100 ग्रॅम. एकदा 100 ग्रॅम काट्यावर मोजून हातात घेऊन बघा, मग अंदाज हातात बसतो. मी सगळ्या खताचे दोन भाग करते, एक उभा चालत टाकते, दुसरा आडवा, नाहीतर कुठे गडद हिरवे पट्टे आणि कुठे पिवळं राहतं. गवत कोरडं असतानाच टाका, ओल्या पात्यांना भुकटी चिकटून बसते. मग खराटा अगदी हलक्या हाताने फिरवायचा म्हणजे खत मुळाशी उतरतं, आणि लगेच पाणी. जोराचा पाऊस येणार असेल तर त्या दिवशी राहू द्या, सगळं वाहून जातं.

कंपोस्ट असेल तर चाळून, जेमतेम अर्धा सेंटीमीटर थर, पात्यांची टोकं वर दिसलीच पाहिजेत. कच्चं शेण अजिबात नको, गवत जळतं आणि तणाचं बी फुकटात येतं.

आणि आठवड्यात रंग बदलला नाही म्हणून परत टाकू नका प्लीज. जिवाणूंनी ते फोडल्यावरच मुळांना मिळतं, माती गार असेल तर अजून वेळ लागतो, तोवर नुसतं पाणी द्या.