प्रश्न शेवटी घेऊ

"सर, प्रॅक्टिकलला पोरगं ब्युरेटच्या मोजनळीजवळ उभं राहून विचारतं, 'मॅडम, हाई कसं वाचानं?' त्याला अहिराणीत समजावलं तर चालेल ना?"

आज संशोधक विद्यार्थ्यांच्या सक्तीच्या अध्यापन प्रशिक्षणात चाळीसगावच्या मुलीने विचारलं.

"प्रश्न शेवटी घेऊ." पुढची स्लाइड.

शेवटी फक्त सह्या झाल्या.

बाहेर चहा पिताना तिनेच मला दाखवलं. पोराला वाकायला लावायचं, डोळा द्रावणाच्या खालच्या वळणाच्या रेषेत आणायचा, मग आकडा वाचायला सांगायचा. दिवसभरात शिकवण्याबद्दल मी एवढंच शिकलो.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांत पीएच.डी.वाल्यांना अध्यापनाचं प्रशिक्षण आवश्यक आहे. आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, प्रयोगशाळेचं कामही देता येतं. चांगलीच गोष्ट आहे. मग हे प्रशिक्षण प्रयोगशाळेतच, एकमेकांचे तास बघत का होऊ नये?