जेमतेम पास होणारा उमेदवार

नेटवर्किंगच्या एका सर्टिफिकेशन परीक्षेचं पासिंग ठरवायला ऐरोलीला बैठक होती. ठाणे, महापे, बेलापूरहून फील्डवरची माणसं बोलावली होती. 'सरळ साठ टक्के ठेवा, जेवणाआधी मोकळे होऊ,' असं आमच्यातल्या एका सीनियर सरांनी सुचवून पाहिलं. बैठक घेणाऱ्या मॅडम नुसत्या हसल्या.

टक्के कुणी विचारलेच नव्हते. पद्धत अँगॉफ या परीक्षातज्ज्ञाच्या नावाची, १९७१ पासून चालत आलेली. जेमतेम पास व्हायच्या लायकीचा उमेदवार डोळ्यांपुढे आणायचा. हुशार नव्हे, पण रात्रपाळीला एकटा सोडला तर आपली झोप उडू नये इतपत. असे शंभर जण बसले, तर अमुक प्रश्न किती जणांना येईल? सगळ्यांच्या आकड्यांची सरासरी ७० आली, तर त्या प्रश्नाचे ०.७ गुण धरायचे. सगळ्या प्रश्नांची अशी बेरीज म्हणजे पासिंग.

ऐकायला सोपं, पण जेमतेम माणूस डोळ्यांपुढे येतच नाही; आपणच येतो! सबनेटिंगच्या, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग पाडायच्या हिशोबाच्या, एका प्रश्नाला बहुतेकांनी नव्वदच्या पुढे लिहिलं. मग मॅडमनी खरा निकाल दाखवला: शंभरात ४१ बरोबर. 'पोरं अभ्यासच करत नाहीत,' सर म्हणाले. घणसोलीला फ्रेशर्सना शिकवणाऱ्या ताई शांतपणे म्हणाल्या, 'सर, हे आता हाताने कोण करतं? कॅल्क्युलेटर असतोच.' दुसऱ्या फेरीत आकडे धडाधड उतरले. सर पंच्याण्णववरून नव्वदवर आले, तेही नाराजीनेच.

राऊटरचा मूळ पासवर्ड तसाच ठेवण्यावरचा प्रश्नही बऱ्याच जणांचा चुकला होता. तिथे मात्र कुणी आकडा उतरवला नाही, ताईंनीही नाही. हे येत नसेल तर तो जेमतेमही नाही, यावर सगळ्यांचं एकमत. मला ते पटलं. निकालाकडे बघूनच आकडे लिहायचे, तर आम्हाला बोलावलं कशाला?

चहाच्या वेळी एकाने विचारलं, निकालपत्रात पासिंग हजारात सातशे असं दिसतं, मग ते सत्तर टक्के ना? नाही. प्रश्नपत्रिकेचे संच वेगवेगळे असतात, एखादा अवघड निघतो. अवघड संचात कमी उत्तरं बरोबर आली तरी सातशे पडतात, सोप्यात जास्त लागतात. काही प्रश्न तर नुसते चाचणीसाठी घातलेले असतात, त्यांना गुणच नसतात. म्हणून ६९० वाल्याने 'एका प्रश्नाने गेलो' असा हिशोब मांडू नये.

संध्याकाळी बेरीज झाली. आमच्या आकड्यांत किती तफावत होती, तेही सोबत लिहून दिलं. आमची फक्त शिफारस. समिती एखादा गुण खाली-वर करू शकते.