कोयनेच्या उलट, वाशिष्ठीच्या सुलट

मामांनी गिअरची सायकल घेतली तेव्हा मामीसकट सगळ्यांना वाटलं होतं की महिन्याभरात तिच्यावर टॉवेल वाळत पडणार. तसं झालं नाही. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेला माणूस, त्यांनी पहिल्याच आठवड्यात ती सायकल खोलून परत जोडली, दुकानदाराने ब्रेक कसे चुकीचे बसवले होते ते मला फोनवर पाऊण तास सांगितलं आणि मग म्हणाले, चल, पाण्याबरोबर जाऊया.

म्हणजे काय तर मामांचं गाव पाटण तालुक्यात, वरच्या अंगाला. लहानपणापासून कोयनेच्या काठाला वाढलेत. त्यांची एकच इच्छा होती, धरणातलं पाणी डोंगरातून पलीकडं जातं ते शेवटी कुठं पोचतं ते सायकलवरून बघायचं. गाडीने कितीतरी वेळा गेलेत पण म्हणे गाडीतून काय दिसतं, पुढच्या ट्रकचं ढुंगण.

कराडहून डिसेंबरच्या सुरुवातीला निघालो, सकाळी सहाला, प्रीतिसंगमावर. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन मिळतात, नद्या सहसा अशा भेटत नाहीत, एक दुसरीला कडेनं येऊन मिळते. पाण्यावर धुकं, यशवंतराव चव्हाणसाहेबांच्या समाधीजवळ फिरायला आलेले चार-पाच म्हातारे, आणि त्यातला एकजण मामांना ओळखणारा निघाला त्यामुळे सुटायला पावणेसात.

कराड ते कोयनानगर साठेक किलोमीटर. नदीच्या उलट दिशेने जायचं म्हणजे सगळा चढ असणार असं मी धरून चाललो होतो आणि रात्री झोप पण नीट लागली नव्हती, पण खरं सांगतो या रस्त्याला चढ असा नाहीच. महाबळेश्वरला उगम पावून कोयना आधी दक्षिणेला येते, डोंगराला समांतर, आणि हेळवाकजवळ काटकोनात वळून पूर्वेला निघते, ते वळणानंतरचं खोरं रुंद आणि सपाट. दोन्ही बाजूला डोंगर, मध्ये ऊस, आणि वर सड्यांवर पवनचक्क्या. नवीन टूरिंग सुरू करणाऱ्याने पहिला दिवस असाच नदीकाठचा घ्यावा.

त्रास झाला तो उसाचा. कारखाने चालू, त्यामुळे दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, वर स्पीकरवर गाणी फुल्ल. ते ओव्हरटेक करताना पहिला ट्रेलर लांबून जातो आणि दुसरा झोलत अंगावर येतो. मामांचा नियम, हॉर्न ऐकला की सरळ साइडपट्टीवर उतरायचं, इज्जत बिज्जत बघायची नाही.

मल्हारपेठच्या अलीकडं माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. ट्यूब बदलली पण हातपंपाने अर्धीच हवा भरली, म्हणून ढकलत पंक्चरवाल्याकडं गेलो तर त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड माझ्या बारीक प्रेस्टा वॉल्वला बसेना. वीस रुपयांचा पितळी अडॅप्टर येतो तो मी घरी दुसऱ्या बॅगेत ठेवून आलो होतो. शेवटी मामा आणि पंक्चरवाल्याचा पोरगा दोघांनी आलटून पालटून हातपंपच मारला. मामांच्या सायकलला मोटरसायकलसारखा जाड वॉल्व, त्यामुळे पुढचे तीन दिवस प्रत्येक चहाला हा किस्सा. भारतात लांब जाणार असाल तर अडॅप्टर सायकललाच लावून ठेवा, बॅगेत नाही.

पाटणला केरा नदी कोयनेला मिळते, तिथं मिसळ खाल्ली. तिथून पुढं खोरं आवळत जातं. ऊस कमी होतो, भाताची रिकामी खाचरं दिसायला लागतात, हवेत गारवा येतो. गाड्याही कमी. मामा इथं बोलायला लागले. एरवी सायकलवर ते गप्प असतात.

११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. मामा तेव्हा पहिली-दुसरीत. आईने हाताला धरून ओढलं आणि बाहेर आणलं एवढंच आठवतं म्हणाले, आणि गोठ्याची भिंत बसल्याचा आवाज. साडेसहा रिश्टरच्या आसपासचा धक्का, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरण टिकलं. पुढं कितीतरी दिवस गाव अंगणात मांडव घालून झोपत होतं, डिसेंबरच्या थंडीत. "आणि पुढं नोकरीला लागताना तोच भूकंप कामाला आला बघ," म्हणाले. भूकंपग्रस्ताचा दाखला. या तालुक्यात ज्याच्या त्याच्या घरी ट्रंकेत तो असतोच.

रात्री कोयनानगरला राहिलो. धरणाजवळ फोटो काढायला मनाई असते, नेहरू उद्यानातून जेवढं दिसतं तेवढं बघितलं. १०५ टीएमसीचं (म्हणजे अब्ज घनफूट पाणी) हे धरण, बातम्यांत पावसाळाभर हा आकडा आपण ऐकतो. मागं शिवसागर जलाशय आणि त्याच्या काठाने सगळं जंगल, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. वाघ सोडा, आम्हाला सकाळी नवजाच्या रस्त्याला शेकरू दिसलं. ते पण आधी आवाज, मग फांदी हलली, मग ती लांब शेपटी. सायकलचा हा फायदा, आवाज नाही त्यामुळे जंगल आपल्याला पाहून लगेच गप्प होत नाही. ओझर्ड्याचा धबधबा डिसेंबरात बारीक झालेला असतो, त्याच्यासाठी जायचं तर पावसाळ्यात जा.

आता पाण्याची गोष्ट. कोयना खरं तर पूर्वेची नदी, कृष्णेबरोबर आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणारी. पण जलाशयातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला नेलंय, तिकडं चारशे मीटरहून जास्त खाली पडतं आणि वीज होते. कृष्णा पाणीवाटपात या पश्चिमेच्या वळणाला वर्षाला ६७.५ टीएमसी धरलेत. म्हणजे एकाच डोंगरावर पडलेला पाऊस, थोडा आंध्राला आणि थोडा कोकणाला. मामांना हे सगळं तोंडपाठ. आणि आपण दुसऱ्या दिवशी वरून जे अंतर घाटाने उतरणार तेच पाणी आतून उतरतं, ही त्यांची गंमत.

हेळवाकपासून कुंभार्ली घाटाच्या माथ्यापर्यंत थोडासा चढ, संपला की चहाची टपरी, माकडं, आणि समोर कोकण एकदम खाली. मला वाटलं आता मजाच मजा. मामांनी मला बाजूला घेऊन लेक्चर दिलं. ब्रेक धरून ठेवायचा नाही, धरायचा-सोडायचा, पुढचा-मागचा आलटून पालटून, "आमच्या नव्या ड्रायव्हर पोरांना पण हेच सांगायचो." मध्ये दोनदा थांबून रिमला हात लावायला लावला, चटका बसेल इतकं गरम. रस्ता काही ठिकाणी उखडलेला, समोरून फर्स्ट गिअरला कण्हत येणारे ट्रक. बोटं अशी आखडली की खाली पोफळीला हँडलवरून सुटेनात. अर्ध्या तासात अंगावरचं जॅकेट, हातमोजे सगळं काढून बॅगेत, हवाच बदलली, दमट.

पोफळी, अलोरे, कोळकेवाडी ही सगळी वीजप्रकल्पाची गावं. वीज करून झालं की पाणी वाशिष्ठीत सोडतात, म्हणून चिपळूणची वाशिष्ठी बाकी कोकणातल्या नद्यांसारखी उन्हाळ्यात कोरडी पडत नाही. चिपळूणच्या पुलावर मामा बराच वेळ कठड्याला टेकून उभे. पाणी शांत, हिरवट. जुलै २०२१ ला हीच नदी बाजारपेठेत घुसली होती, हॉटेलवाल्याने भिंतीवर खूण दाखवली, माझ्या डोक्याच्या वर.

त्याच हॉटेलात सुरमई थाळीचा वास सुटलेला आणि नेमका मार्गशीर्ष. मामा मेन्यूकार्ड बघतायत तेवढ्यात मामीचा फोन. "काय जेवताय?" मामांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, वरणभात. आणि खरंच वरणभात आणि सोलकढीच मागवली. मी पण मग तेच खाल्लं, काय करणार.

लोक कुंभार्लीला घाबरतात. घाबरायचं असेल तर चिपळूण-गुहागरला घाबरा! रामपूर, मार्गताम्हाने, शृंगारतळी, सगळा वर-खाली वर-खाली रस्ता, प्रत्येक वहाळाला उतरायचं आणि लगेच चढायचं. घाटात निदान एकदा लय लागली की लागली, इथं लय लागायच्या आत उतार. गिअर बदलून बदलून माझी चेन दोनदा पडली. काजू, आंबे, लाल चिऱ्याची घरं, सगळं सुंदर आहे पण मी मार्गताम्हान्यानंतर फक्त पुढचं चाक बघत होतो. आणि मामा, वय वर्षे चौसष्ट, प्रत्येक चढाच्या डोक्यावर पाण्याची बाटली घेऊन माझी वाट बघत उभे. गुहागरला पोचलो तेव्हा अंधार पडलेला, समुद्र नुसता ऐकला.

माझ्या हिशोबाने ट्रिप तिथं संपली होती. सकाळी व्याडेश्वराचं दर्शन घेऊन टेम्पो बघायचा असं ठरवत होतो तर मामा म्हणाले वाशिष्ठी इथं कुठं मिळते, ती तर वर दाभोळला. म्हणजे अजून पंधरा-सोळा किलोमीटर आणि परत तसलेच चढ. गेलो, दुसरं काय.

धोपाव्याला फेरीबोटीवर सायकली चढवल्या. खाडी रुंद, ओहोटी चाललेली, डाव्या हाताला अंजनवेलच्या गोपाळगडाची बाजू आणि पुढं उघडा समुद्र. बोटीवर एक टेम्पो, तीन बाइक आणि माशांच्या टोपल्या घेतलेल्या बायका. मामा कठड्याला धरून पाण्याकडं बघत होते. त्यातल्या एका मावशीने विचारलं, कुठनं आलात हो? मामा म्हणाले, "ह्या पाण्याच्या मागनं." तिने आधी पाण्याकडं बघितलं, मग आमच्या चिखलाने माखलेल्या सायकलींकडं, आणि टोपली जरा सरकवून मामांना बसायला जागा केली.