आधी किल्ल्या, मग सामान: फोन बदलतानाचा माझा अनुभव

फोन बदलताना फोटो आणि नंबर सहसा हरवत नाहीत. हरवतात त्या गोष्टी त्या घडीला कुणाच्या लक्षातही नसतात: ओटीपी तयार करणाऱ्या अ‍ॅपमधली खाती, चॅटमधले व्हिडिओ, आवाजाची रेकॉर्डिंग्ज, स्कॅनरच्या अ‍ॅपमध्येच पडून राहिलेली कागदपत्रं. घरच्यांचे आणि माझे मिळून बरेच फोन मी बदलले, त्यात नुसत्या कॉपी करण्यापाशी फारसं अडलं नाही. नुकसान होतं ते क्रम चुकल्यामुळे. म्हणून मी ज्या क्रमाने करते, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. मुख्य वाट अँड्रॉइडवरून अँड्रॉइडची, आयफोनचं शेवटाकडे.

नवा फोन सुरू करण्याआधी एक गोष्ट ठरवून टाकायची. जुना फोन पुढचे पंधरा दिवस जसाच्या तसा राहील. रीसेट नाही, कुणाला देणं नाही, बदली सौद्यात त्याच दिवशी सोडणंही नाही. त्याचा स्क्रीन लॉकचा पिन कागदावर लिहून ठेवते, कारण गुगलचा बॅकअप त्या पिनने कुलूपबंद असतो आणि नवा फोन तो उतरवताना जुन्या फोनचाच पिन विचारतो. बोटाच्या ठशाची सवय झालेली माणसं नेमका हाच पिन विसरलेली असतात.

मग मोजदाद. एका कागदावर संपर्कांची संख्या, गॅलरीतल्या प्रत्येक फोल्डरमधल्या फोटोंची संख्या आणि महत्त्वाच्या अ‍ॅप्सची नावं. याला दहा मिनिटं लागतात आणि शेवटी खात्री करायला हाच कागद उपयोगी पडतो. संपर्कांची नुसती एकूण संख्या पाहून भागत नाही, ते कुठे साठवले आहेत हे बघावं लागतं. काही गुगल खात्यात असतात, काही फक्त फोनमध्ये, काही सिममध्ये. खात्यातले आपोआप येतात, बाकीच्यांची हमी नाही. सिममध्ये जागा मोजकी असते आणि नावापुढे एखाद-दुसऱ्या नंबरापलीकडे फारसं काही राहत नाही. पत्ता, फोटो, वाढदिवस गळून पडतात. म्हणून मी आधी सगळे संपर्क गुगल खात्यात हलवते आणि वर एक व्हीसीएफ फाइल (सगळे संपर्क एकत्र साठवणारी फाइल) काढून स्वतःला ईमेल करून ठेवते. हजार संपर्कांची अशी फाइलसुद्धा, आत फोटो नसतील तर, अगदी लहान असते.

आता किल्ल्या. सामान हलवण्याआधी किल्ल्या हातात हव्यात, आणि फोनच्या बाबतीत किल्ली म्हणजे दुहेरी पडताळणीचे, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डनंतर मागितले जाणारे कोड. हे कोड तयार करणाऱ्या गुगल ऑथेंटिकेटरमध्ये खाती हलवण्याचा पर्याय आहे. जुन्या फोनवर तो क्यूआर कोड दाखवतो, नव्या फोनने तो स्कॅन करायचा. खाती जास्त असतील तर एकामागून एक असे दोन-तीन कोड येतात; पहिला स्कॅन करून थांबलात तर अर्धीच खाती येतात. २०२३ पासून या अ‍ॅपमध्ये कोड गुगल खात्यात साठवायची सोय आहे, पण ती तुमच्याकडे चालू आहे असं गृहीत धरू नका. मी दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवते आणि एकेका खात्यापुढचे सहा आकडे ताडून बघते. ते दर तीस सेकंदांनी बदलतात, आणि बदलल्यावरही दोन्हीकडे एकच आले पाहिजेत. जुळले नाहीत तर पहिल्यांदा नव्या फोनचं घड्याळ बघा. हे कोड वेळेवरून काढले जातात, त्यामुळे घड्याळ एक-दोन मिनिटांनी चुकलं तरी ते नाकारले जातात. याशिवाय गुगल खात्याचे आठ आकडी दहा राखीव कोड मिळतात, ते छापून कागदपत्रांच्या फायलीत लावून टाकते. सगळे आकडे ताडल्याशिवाय जुन्या फोनवरचं एकही खातं काढायचं नाही.

बँकेच्या अ‍ॅपची कॉपी होत नाही आणि होऊही नये. ते त्या फोनशी आणि बहुतेकदा सिमशीही बांधलेलं असतं. नव्या फोनमध्ये सिम घालून नव्याने नोंदणी करावी लागते, आणि काही बँका सुरुवातीला व्यवहाराची मर्यादा कमी ठेवतात. मोठी रक्कम भरायची असेल तर तो दिवस फोन बदलण्याचा नाही. ई-सिम (फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं सिम) असेल तर ते जुन्या फोनमधून आपण होऊन पुसू नका. आधी सिमच्या कंपनीच्या पद्धतीने नव्या फोनवर न्या. पूर्वी मिळालेला क्यूआर कोड बहुतेकदा एकदाच चालतो.

किल्ल्या झाल्या की मग बॅकअप. जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये गुगल, त्यात बॅकअप, तिथे 'आत्ता बॅकअप घ्या'. फुकट जागा १५ जीबी, आणि त्यात ईमेल, ड्राइव्ह, फोटो सगळेच वाटेकरी. या बॅकअपमध्ये अ‍ॅप्सचा डेटा येतो, पण एका अ‍ॅपला फक्त २५ एमबी मिळतात आणि अ‍ॅप बनवणाऱ्याने नकार दिला असेल तर तेवढेही नाहीत. म्हणूनच एखादा खेळ अथवा नोंदवही नव्या फोनवर कोरी उघडते. अशा अ‍ॅपच्या आतच निर्यात किंवा लॉगिनची सोय शोधावी लागते. आणखी एक, फोन ५७ दिवस वापरला नाही तर हा बॅकअप पुसला जाऊ शकतो. कपाटात पडलेल्या जुन्या फोनच्या भरवशावर राहू नये ते यासाठी.

नवा फोन पहिल्यांदा चालू केला की 'अ‍ॅप्स आणि डेटा कॉपी करा' असं विचारतो. घाईत 'नंतर' दाबलं तर बऱ्याच फोनवर ती पायरी परत मिळवायला नवा फोन रीसेट करावा लागतो. मी वायफायपेक्षा केबल पसंत करते. त्यात एक खोच आहे. चार्जरबरोबर पडून असलेल्या काही केबल्समध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होतो, पण समोरच्या फोनला काही सापडत नाही, आणि आपण फोनला दोष देत बसतो. वेगाचंही असंच. यूएसबी २.० ची केबल कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट देते, प्रत्यक्षात तीस ते चाळीस मेगाबाइट मिळतात. म्हणजे ६४ जीबीला साधारण अर्धा तास, आणि हजारो बारीक फायली असतील तर त्याहून बराच जास्त. दोन्ही फोन पूर्ण चार्ज, बॅटरी सेव्हर बंद, आणि काम संपेपर्यंत जुना फोन हातात घेऊन काही करायचं नाही. अ‍ॅप्स बहुतेक प्ले स्टोअरवरून नव्याने उतरतात, म्हणून वायफायही चांगलं हवं.

व्हॉट्सअ‍ॅपला मी वेगळा वेळ देते, कारण सर्वांत जास्त हळहळ इथेच ऐकली आहे. दोन वाटा आहेत. पहिली थेट: जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, 'ट्रान्स्फर चॅट्स', नव्या फोनवर त्याच नंबरने नोंदणी केली की क्यूआर कोड दिसतो, तो जुन्याने स्कॅन करायचा. दोन्हीकडे वायफाय चालू आणि मागितलेल्या परवानग्या दिलेल्या असाव्यात. दुसरी वाट गुगल खात्यातल्या बॅकअपची. तिथे तीन गोष्टी तपासते. शेवटच्या बॅकअपची वेळ आजची आहे ना. 'व्हिडिओ समाविष्ट करा' चालू आहे ना, नाहीतर फोटो येतील पण व्हिडिओ राहतील. आणि नव्या फोनवर तेच गुगल खातं आहे ना. एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय न उघडणारा) बॅकअप चालू असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली लागते. ती हरवली असेल तर कंपनीसुद्धा तो उघडून देऊ शकत नाही, पण जुना फोन अजून चालू असल्यामुळे त्यावरून हा पर्याय बंद करून नव्याने बॅकअप घेता येतो. व्हॉट्सअ‍ॅपची दुहेरी पडताळणी चालू असेल तर तिचा सहा आकडी पिनही आधीच आठवून ठेवा. विसरलात आणि ईमेल जोडलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं.

खरा धोका पुढच्या पडद्यावर आहे. नंबर पडताळल्यावर बॅकअप परत आणायचा का, हा प्रश्न एकदाच येतो. तिथे 'वगळा' दाबलं की अ‍ॅप कोरं उघडतं. लोक म्हणतात, उद्या बघू. पण रोजचा आपोआप बॅकअप चालू असेल तर तो रात्री दोनच्या सुमारास होतो, आणि खात्यातल्या जुन्या बॅकअपच्या जागी हा कोरा बॅकअप जाऊन बसतो. चुकून वगळलं असेल तर एकही दिवस न थांबता अ‍ॅप काढून टाकायचं, पुन्हा घ्यायचं आणि या खेपेला 'रिस्टोअर' दाबायचं. याच भीतीने मी जुन्या फोनमधली स्थानिक प्रतही आधी संगणकावर घेते. ती 'अँड्रॉइड', 'मीडिया' अशा क्रमाने आत गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या 'डेटाबेसेस' या फोल्डरमध्ये असते, आणि तिथे गेल्या काही दिवसांच्या प्रती सापडतात. नंबर नव्या फोनवर नोंदवला की जोडलेले संगणक सुटतात, ते पुन्हा जोडायचे एवढंच.

टेलिग्राममध्ये साध्या चॅट आपोआप दिसतात, गुप्त चॅट त्याच फोनपुरत्या असतात, त्या येत नाहीत. सिग्नलमध्ये अँड्रॉइडवर फोनमध्येच घेतलेल्या बॅकअपला ३० आकडी सांकेतिक क्रमांक असतो, तो आधी लिहून घ्या.

फोटोंसाठी गुगल फोटोजवर असाल तर बॅकअप मुळात कॅमेऱ्याच्या फोल्डरचा होतो. व्हॉट्सअ‍ॅप, स्क्रीनशॉट, डाउनलोड ही फोल्डर्स एकेक करून चालू करावी लागतात. १ जून २०२१ पासून तिथले नवे फोटो १५ जीबीमध्ये मोजले जातात, आणि जागा वाचवणारी प्रत निवडली असेल तर मोठे फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत लहान होतात. मूळ दर्जा हवा असेल तर संगणकावर घ्या. केबल जोडल्यावर जुना फोन 'फक्त चार्जिंग'वर असतो; वरची सूचना खाली ओढून 'फाइल ट्रान्स्फर' निवडायचं. एका वेळी पाचशे ते हजार फोटो, आणि नेहमी कॉपी, कट कधीच नाही. मध्ये केबल हलली तर कटमध्ये काय गेलं आणि काय राहिलं याचा पत्ता लागत नाही.

असं हाताने कॉपी केलं की गॅलरीत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. कॅमेऱ्याचे फोटो आपापल्या तारखेला लागतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले सगळे आजच्या तारखेखाली गोळा होतात. कॅमेरा फोटोच्या आतच तारीख लिहितो. व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना ती आतली माहिती काढून टाकतं, मग गॅलरी फाइलची तारीख धरते, आणि ती कॉपी करताना बदलते. फाइलचं नाव उघडून बघा, त्यात २०२३०४१५ असा आठ आकडी भाग दिसेल: वर्ष, महिना, दिवस. फोटो मिळाल्याची तारीख तिथे शाबूत असते, आणि नावावरून तारीख परत बसवणारी अ‍ॅप्स आहेत. ती चालवेपर्यंत फायलींची नावं बदलू नका.

मेमरी कार्ड असेल तर ते काढून नव्या फोनात घालण्याआधी जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये बघा. ते अंतर्गत साठवण म्हणून फॉरमॅट केलेलं असेल तर त्याच फोनच्या किल्लीने कुलूपबंद असतं, दुसऱ्या फोनला वाचता येत नाही आणि तो फॉरमॅट करायला सुचवतो. पेन ड्राइव्ह 'फॅट३२' प्रकारचा असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठा व्हिडिओ त्यावर बसत नाही. तिथे 'एक्सफॅट' हवं.

आयफोनकडे जायचं असेल तर अँड्रॉइडवर 'मूव्ह टू आयओएस' हे अ‍ॅप घ्यायचं. अँड्रॉइडने 'पूर्ण झालं' म्हटलं तरी आयफोनवरची पट्टी भरेपर्यंत थांबायचं, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटही याच वेळी न्यायच्या, कारण गुगलमधला बॅकअप आयफोनवर उतरत नाही. उलट दिशेने येताना सिम काढण्याआधी आयमेसेज (आयफोनची स्वतःची संदेशसेवा) बंद करा, नाहीतर इतर आयफोनवरून आलेले काही संदेश तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. फोटोंसाठी 'ऑप्टिमाइझ' चालू असेल तर फोनमध्ये बऱ्याच फोटोंच्या लहान प्रती असतात, मूळ फोटो आयक्लाउडवर, म्हणजे आयफोनच्या ऑनलाइन साठवणीत. आयफोनवरून आयफोनवर संगणकाच्या मार्गे जात असाल तर बॅकअप एन्क्रिप्ट करा. साध्या बॅकअपमध्ये साठवलेले पासवर्ड आणि आरोग्याच्या नोंदी येत नाहीत.

मग दोन आठवडे नवा फोन वापरायचा, आणि काही अडलं की जुना उघडून तो कागद काढायचा. आवाजाची रेकॉर्डिंग्ज, कॉल रेकॉर्डिंग्ज, फोन कंपनीच्या नोट्समध्ये लिहिलेल्या नोंदी, सुरक्षित फोल्डरमधल्या फायली, स्कॅनरमधली कागदपत्रं हे सगळं मी या काळात उघडून बघते. नुसतं फाइलचं नाव दिसलं म्हणून सोडत नाही, रेकॉर्डिंग वाजवून बघते आणि व्हिडिओ मधूनच सुरू करते. अर्धवट कॉपी झालेली फाइल नावापुरती अगदी ठीक दिसते.

आकडे जुळले की जुना फोन पुसायला मोकळा. अँड्रॉइडवर आधी सेटिंग्जमधून गुगल खातं काढायचं, आयफोनवर 'फाइंड माय' ही हरवलेला फोन शोधण्याची सोय बंद करून आयक्लाउडमधून बाहेर पडायचं, आणि मगच फॅक्टरी रीसेट. खातं तसंच ठेवून बटणांनी रीसेट केला तर फोन सुरू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो आणि पुढच्या माणसाच्या काही कामाचा राहत नाही. रीसेटनंतर स्वागताचा पहिला पडदा दिसला की फोन बंद करायचा, बारीक टाचणीसारख्या पिनने सिमचा ट्रे बाहेर काढायचा, आणि सिमबरोबर त्याच्या मागच्या खाचेतलं मेमरी कार्डही काढून घ्यायचं.